राखणीचा खोका

मी जिथे बसून काम करते तिथे पूर्वी आमचं भाताचं शेत होतं. हे सांगितलं की शहरातल्या लोकांना गहिवरून येतं. मला येत नाही. लावणीच्या दिवसांत पायांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, जळवा चिकटायच्या. इथे निदान डोक्यावर पंखा आहे. अंजूरच्या बाजूला आता शेत शोधायला निघालात तर दोन गोदामांच्या मधली गटाराकाठची पट्टी सापडेल, तीही कुणीतरी विकत घ्यायला बोलून ठेवलेली.

माझं काम परत आलेल्या मालाचं. लोक ऑनलाइन वस्तू मागवतात आणि बिघडली, आवडली नाही, किंवा वापरून जीव भरला की परत पाठवतात. माझ्या टेबलावर खेळायची यंत्रं येतात: टीव्हीला जोडायचे कन्सोल, हातात धरायचे छोटे कन्सोल, त्यांचे कंट्रोलर, हेडफोन. खोका आधी वजनकाट्यावर ठेवायचा, कारण कन्सोल काढून घेऊन आत फरशीचा तुकडा भरणारे महाभाग आहेत. एकाने वीट इतक्या प्रेमाने गुंडाळली होती की बाळंतविडाच वाटावा. मग यंत्र लावून बघायचं आणि कॉम्प्युटरवर परतीचं कारण निवडायचं. कंट्रोलरचं दुखणं बहुतेक एकच असतं. अंगठ्याने फिरवायची ती छोटी काठी झिजते आणि हात न लावता एका बाजूला सरकत राहते. पडद्यावरचा माणूस भिंतीला नाक लावून चालतच राहतो, चालतच राहतो, पोचत कुठेच नाही.

चार वर्षं मी त्याला बघत होते. शेवटी एक दिवस वैतागून मी ती काठी बदलायला शिकले. घरी, स्वतःचं सोल्डरिंग आयर्न आणून, व्हिडिओ बघत. बोटं भाजली, दोन कंट्रोलर कायमचे मेले, पण हात बसला. ठाण्याच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन ट्रायल दिली आणि त्यांनी सांगितलं, पुढच्या एक तारखेपासून या. मी राजीनामा फोनमध्ये लिहूनही ठेवला होता. आता जे सांगते ते त्या महिन्यातलं आहे.

आमच्या गोदामाच्या गेटवर वॉचमन होते माझे बाबा. म्हणजे स्वतःच्याच शेताच्या बांधावर, निळा शर्ट घालून, कमरेला शिट्टी. जमीन देताना घरटी एकाला नोकरी मिळेल असं ठरलं होतं, ती बाबांनी घेतली. माझी मी नंतर वेगळी मिळवली. बाबांची अजून एक अट होती. शेताच्या कोपऱ्यात आमच्या राखणदाराचा दगड आहे, चेडा म्हणतो आम्ही त्याला. तो हलवायचा नाही. बांधणाऱ्यांनीही ऐकलं, उगाच कशाला देवाच्या वाटेला जा. त्यामुळे माल उतरवायच्या धक्क्यामागे, जनरेटर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, शेंदूर फासलेला तो गुडघाभर दगड अजून उभा आहे. बाबा रोज ड्युटीवर आले की आधी तिथे. बागेतलं एखादं फूल, चिमूटभर तांदूळ, कुंकू. वर्षातून एकदा नारळ, आणि साहेब रजेवर असले तर कोंबडाही.

मला त्या दगडाचं काही नाही. मी बाबांना म्हणायचेसुद्धा, "बाबा, शेतच न्हाय राहिलं तर हा राखतो काय? जनरेटर?"

बाबा म्हणायचे, "जे हाय ते राखतो. तुला काय करायचाय? जेव."

तर त्या दिवशी हातात धरायच्या नव्या कन्सोलचा माल येणार होता. आठवडाभर नुसता कहर चालला होता. बातम्यांत त्याच्याशिवाय दुसरं काही नाही. मेमरी महाग झाली म्हणून किंमत वाढली, लोक शिव्या घालतायत आणि तरी रांगा लावतायत. विक्रीच्या दिवसाआधी खोक्याचं चित्रसुद्धा बाहेर पडता कामा नये असा वरून हुकूम. फोन गेटवर जमा करायचे ते नेहमीचंच. यावेळी मनगटावरची स्मार्ट घड्याळंही काढून घेतली. हा माल जाळीत जाणार होता. जाळी म्हणजे गोदामाच्या आतली तारेची खोली, महागड्या वस्तूंची. तिथे दोघी आत जातात, कुलूप बाहेरून लागतं, आणि मोजणी जुळल्यावर दोघी एकदमच बाहेर येतात. मोजणीला त्या दिवशी माझं नाव लागलं आणि माझ्याबरोबर कामतघरची एक पोरगी. तिच्या सासरी सगळे कापडाच्या लूमवर. हिने मात्र लूमच्या खडखडाटाला कंटाळून इथली ड्युटी धरली होती. पाच महिन्यांचं बाळ घरी सासूकडे ठेवून यायची, दुपारी चारला सुटली की रिक्षात उडी मारून पळायची.

दोनशे चाळीस खोके यायचे होते. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, हात लावायला भीती वाटावी असे. आम्ही मोजले. दोनशे एकोणचाळीस.

"परत मोजा," जाळीच्या बाहेरून साहेब म्हणाले. साहेब म्हणजे आमचे शिफ्टचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की त्याचा घसा सुकतो.

परत मोजले. उलटीकडून मोजले. ती पोरगी मोजायची, मी लिहायची. मग मी मोजायची, ती लिहायची. दोनशे एकोणचाळीस. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, "गेट बंद. एक पीस शॉर्ट है. कोई बाहर नहीं जाएगा." गोदामात साठ-एक माणसं होती. शटर खाली आल्याचा आवाज आम्ही आत ऐकला.

मग गेटवर विचारणा झाली. वॉकीटॉकीतून बाबांचा आवाज आला, खणखणीत. "न्हाय साहेब. गेटातनं मुंगी पन बाहेर गेली न्हाय."

तीन वाजले होते. साहेबांनी कागद तपासायला घेतले आणि ट्रकच्या सीलचा कागद जाळीतून माझ्याकडे सरकवला, नंबर वाचून दाखव म्हणाले. सील तोडून माल उतरला की गेटवरच्या माणसाने तिथे सही करायची असते. बाबांची सही मला लांबूनही ओळखू येते, आडवी काठी आणि त्याला लोंबणारी अक्षरं. सहीच्या बाजूला अंगठ्याएवढा लाल डाग होता.

कुंकू.

मी नंबर वाचून दाखवला. कसा वाचला मला माहीत नाही. काय झालं असणार ते सगळं मला कुणी न सांगता दिसलं. नव्याची पुनव झाली होती त्या आठवड्यात. आमच्यात भाताचं नवं पीक निघालं की पहिल्या लोंब्या राखणदाराच्या. त्याच्यासमोर ठेवायच्या, हात जोडायचे, मग घरात घ्यायच्या. शेत गेल्यावर बाबांनी काय केलं, तर गोदामात नवीन जातीचा माल आला की हळूच त्यातला पहिला नग दगडापुढे धरायचे आणि परत आणून द्यायचे. "पयला दाना राखनदाराचा." फ्रीज आले तेव्हा फ्रीज काही उचलता येईना, तर फ्रीजबरोबर आलेलं पुस्तक नेऊन ठेवलं होतं. हमालांना माहीत होतं, ते हसायचे आणि काकांचं काम म्हणून सोडून द्यायचे. आज त्यांच्यापैकी कुणीतरी सुटा खोका बाबांच्या हातात दिला असणार, आणि आता आपल्यावर येईल म्हणून तोही बोलत नसणार. बाबांनी खोका नेला असणार, कुंकू लावलं असणार, आणि तेवढ्यात गेटवर दुसऱ्या गाडीचा हॉर्न. सत्तरीला टेकलेला माणूस. धावत गेट उघडायला गेला आणि खोका देवापुढे विसरला.

आली का पंचाईत! मी तोंड उघडायला गेले आणि परत मिटलं. कारण धक्क्यामागची, कॅमेऱ्यात न येणारी ती जागा सगळ्या गोदामात बदनाम होती. चोरलेला माल आधी भिंतीपाशी लपवायचा आणि मग पलीकडे फेकायचा, ही इथली जुनी तऱ्हा. दोघांना त्याच भिंतीपाशी पकडून पोलिसांकडे दिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. महागडा खोका, भिंतीच्या कडेला, झुडपात, आणि नेऊन ठेवणारा गेटचाच माणूस. दगड बघणार कोण? बाबांना चोर म्हणतील. गावात ज्याच्या शेतात दुसऱ्याचं कोंबडंसुद्धा कधी शिरलं नाही, त्याला त्याच्याच शेतात चोर म्हणतील. आणि म्हणोत न म्हणोत, नोकरी तर जाईलच, आणि नोकरी गेली की गेटच्या आत पाऊल टाकता येणार नाही. बाबा पगारासाठी गेटवर उभे राहत नव्हते, हे घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ठरवलं, कसंही करून आपणच त्या दगडापर्यंत पोचायचं, खोका उचलायचा आणि कुठेतरी लाकडी पॅलेटच्या मागे 'सापडवायचा'.

"साहेब, मला बाथरूमला जायचंय."

"थांब जरा."

"थांबण्यासारखं न्हाय साहेब."

कुलूप उघडलं. पण बरोबर लेडीज गार्ड आली, पार दारापर्यंत, आणि बाहेर आल्यावर माझे खिसे, केस, अंबाडा, सगळं चाचपून मला परत जाळीत आणून घातलं. धक्क्याकडचं शटर मला लांबून दिसलं. खाली, कुलूप लावलेलं. तिथून दगड वीस पावलांवर होता.

चार वाजले. जाळीत पंखा नव्हता. खोक्यांच्या नव्या पुठ्ठ्याचा वास डोक्यात भिनला होता. ती पोरगी खोक्यांना टेकून बसली होती आणि सारखी ओढणी पुढे घेत होती. मी विचारलं, काय गं, बरं नाही का वाटत? तिने नुसती ओढणी बाजूला केली. कुडता पुढून भिजला होता. दूध भरून आलं होतं तिला.

"चार बजे का टाइम है उसका," ती म्हणाली. "बाटली घेतच नाही गं दीदी. रडून रडून निळा होतो."

मी दुसरीकडे बघितलं. तिथे दिसला जाळीतला मॉनिटर, त्यावर गेटचा कॅमेरा. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते, काठी मांडीवर आडवी. त्यांना काय गेलंय हेही कुणी सांगितलं नव्हतं. बंद म्हणाले म्हणजे बंद. आम्हा साठ जणांना कोंडून ठेवणारा माणूस होता माझा बाप, आणि त्याच्याइतकी इमानदार राखण दुसऱ्या कुणी केली नसती. मला त्यांचा इतका राग आला! आठवा ना, बाबा! अंगठ्याकडे बघा एकदा! मी मनातल्या मनात ओरडत होते. त्यांनी डास मारला.

बाहेरचं आवार बघायच्या आधी हमालांना एकेक करून उभं करून तपासलं जात होतं, चपला काढून. एका म्हाताऱ्या हमालाला साहेबांनी दोनदा उभं केलं, का तर तो घामाघूम झाला होता. घामाघूम सगळेच होते. तो बिचारा "अल्ला कसम साहब" म्हणत होता आणि मी जाळीत उभी राहून ऐकत होते. मी गप्प राहिले. हे मी लिहितेय ते चांगलं दिसावं म्हणून नाही. पावणेदोन तास मी गप्प राहिले.

पाचच्या सुमारास मॉनिटरवर गेटपाशी एक रिक्षा थांबली. बुरख्यातली एक बाई उतरली, कडेवर बाळ. आवाज येत नव्हता, पण बाळाचं तोंड उघडं होतं ते उघडंच. माझ्या बाजूला ती पोरगी ताडकन उठली आणि जाळीला चिकटली.

"सास आई मेरी. लेके आई उसको."

बाबा उठले. बाईने गेटच्या सळ्यांतून बाळ दाखवलं. बाबांनी हात हलवला, नाही. बाईने परत काहीतरी विनवलं. बाबांनी बाळाकडे बघितलं, मग मागे बंद शटरकडे, मग टोपी काढून डोकं खाजवलं. मला त्यांचा तो हात माहीत आहे. जीव तुटला की ते डोकं खाजवतात. पण गेट उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली सळ्यांतून पुढे केली.

ती पोरगी रडत नव्हती. तारेत बोटं अडकवून उभी होती आणि दूध तिच्या कुडत्यावरून खाली ठिबकत होतं, पांढऱ्या खोक्यांच्या शेजारी.

"साहेब," मी म्हणाले, "खोका शेतात आहे."

"कौनसे खेत में?"

"ह्याच. मागे, दगडापाशी. बाबांनी ठेवलाय. चोरला न्हाय, देवाला ठेवलाय." आणि मग माझा बांध फुटला आणि मी काय काय बोलले, पहिल्या लोंब्या, फ्रीजचं पुस्तक, सगळं. अर्धं साहेबांना कळलं नसणार.

शटर वर गेलं. खोका तिथेच होता. शेंदराच्या दगडापुढे, झेंडूच्या फुलाशेजारी, बरोबर मध्यभागी लाल टिळा आणि वर तांदळाचे चार दाणे. सील शाबूत. मुंग्या लागल्या होत्या, कारण बाबांनी गुळाचा खडाही ठेवला होता. आधी हमाल हसले, मग साहेबही हसले. क्षणभर मला वाटलं, सुटलो. मग साहेबांचा फोन वाजला आणि वरच्यांना सांगताना त्यांचा घसा सुकला.

गेट उघडलं. ती पोरगी तशीच धावली आणि गेटवरच्या बाबांच्याच खुर्चीत बसून बाळाला ओढणीखाली घेतलं. बाबा पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्यापाशी गेले तेव्हा ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

"तू सांगितलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरा केलास. पोर लय रडत व्हतं." मग म्हणाले, "मी इसरलू गो. असा कसा इसरलू?"

चोर कुणी म्हणालं नाही, एवढं खरं. साहेबांनी तेवढं सांभाळलं. पण दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीच्या कंत्राटदाराचा माणूस आला आणि शिट्टी, काठी, दोन निळे शर्ट आणि कार्ड सही करवून, घेऊन गेला. वय झालं, असं कारण दिलं.

आणि तो खोका माझ्याच टेबलावर आला. कुंकू गुळगुळीत पुठ्ठ्यात मुरलं होतं, पुसायला गेले तर अजून पसरलं. असा खोका नवीन म्हणून विकता येत नाही. आतलं यंत्र मी लावून बघितलं. नवंकोरं, काठी जिथल्या तिथे स्थिर. मग कारण निवडायचं आलं. वाहतुकीत नुकसान, ग्राहकाकडून नुकसान, पाण्याने भिजला, पॅकिंग फाटलं. मी यादी वर-खाली केली आणि शेवटी 'इतर' वर बोट ठेवलं.

बाबा घरी बसले. आजारी नाहीत, काही नाहीत, नुसते बसले. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चार दिस झाले. राखनदार उपाशी हाय." मला म्हणाले नाहीत, आमटीला म्हणाले. गोदामाच्या आत जायचं कार्ड आता घरात एकाच माणसाकडे होतं.

मला असा संताप आला! म्हटलं, दगड आहे तो, बाबा, दगड! पण दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणात चार दाणे तांदूळ नेले. कुंकवाची डबी गेटवर अडवली, तांदूळ कुणी अडवत नाही. जेवणाच्या सुट्टीत जनरेटरच्या मागे गेले आणि ठेवले. हात जोडले नाहीत. दोन-तीन दिवसांनी जोडायला लागले. मोकळे हात घेऊन तिथे नुसतं उभं राहिलं की वेड्यासारखं दिसतं.

एक तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी घरातून निघताना सर्व्हिस सेंटरचा फोन आला, उद्या येताय ना? मी नाही म्हणाले. पलीकडचा माणूस चांगला होता, का म्हणून त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, घरचं काम आहे. किती दिवसांचं? मी म्हटलं, रोजचं.

त्या संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा बाबा गेटबाहेर उभे होते. सळ्या धरून, मान वळवून जनरेटरच्या बाजूला काही दिसतंय का बघत होते. तिथून काही दिसत नाही. नवीन वॉचमन, काही दिवसांपूर्वीच लागलेला, त्यांना म्हणाला, "चाचा, पीछे हटो. बाहरवालों को गेट पे खड़ा रहना अलाउड नहीं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला झाडणारच होते. पण बाबा आधीच दोन पावलं मागे सरले होते. "बरोबर हाय त्याचा," ते मला म्हणाले. "मी पन तसाच सांगायचू."

लेडीज गार्डने मला चाचपलं, मी कार्ड लावलं, बाहेर आले. आम्ही रस्त्याने चालायला लागलो. कंटेनरच्या धुळीतून बाजूबाजूने.

"ठेवलास?"

"ठेवले."

"आनी तो ठान्याचा फोन?"

"नाही म्हणून सांगितलं."

बाबा थांबले. ओरडले असते तरी चाललं असतं. त्यांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला. रिकामाच होता, तरी घरापर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून आणला.